दवाखान्यातली घुंगरं

"दवाखान्यातल्या प्रत्येक सेवकाने पायांत घुंगरं बांधावीत!"

राजा प्रतापधवलाच्या दवाखान्याचा कारभार पाहणारी सभा उठली आणि हा हुकूम बाहेर आला. कल्पना दिवाण त्र्यंबकपंतांची. घुंगरं वाजली की काम चालू, थांबली की कामचुकारपणा! शेजारच्या सभेच्या दालनात बसल्या बसल्या सगळं कळणार. पंत स्वतःवर इतके खूश झाले की त्या दिवशी दोन पेढे जास्त खाल्ले.

दवाखान्यात मात्र नुसता गोंधळ! तापाने फणफणलेल्या माणसाचा नुकता डोळा लागावा, सेवकाने पाणी घेऊन शेजारून जावं, की छन छन छन! एक आजोबा तर गावात तमाशा आला म्हणून फेटा शोधू लागले. रोगी झोपेविना खंगायला लागले, आणि त्यांच्या शिव्या कोणी खायच्या? सेवकांनीच!

शेवटी सगळ्यांनी मिळून हौसाला दरबारात धाडलं. हौसा दवाखान्यात लेप-पट्ट्या बांधायची. हात हलका, जीभ तिखट.

"म्हाराज, सभेत आमचंबी एक मानूस बसू द्या."

"तुम्ही सभेत बसलात, तर रोग्यांकडे कोण बघणार?" दिवाण फिसकन हसले.

राजा मोठा हट्टी. आपला हुकूम चुकला, हे कबूल करणं त्याच्या जिवावर यायचं. तो म्हणाला, "बस की पुढच्या सभेला! पण एक अट. सभा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तू रोग्याच्या खाटेपासून हलायचं नाहीस. हललीस, तर घुंगरं कायमची आणि तुझी चाकरी गेली! आणि सभेला आली नाहीस, तरी तेच!"

दरबार खदखदून हसला. हौसाने पदर खोचला.

"चालंल, म्हाराज. पर रोगी मी निवडीन."

"खुशाल निवड!"

राजाचा गुडघा जुना दुखरा. दर सभेआधी तो दवाखान्यात येऊन लेप लावून घ्यायचा. या खेपेलाही आला, खाटेवर पाय पसरून बसला. हौसाने गुडघ्यावर चांगला जाडजूड लेप थापला आणि दोन्ही बाजूंनी फळ्या बांधल्या.

"अगं, हे काय?"

"लेप वाळंस्तवर हलायचं न्हाई, म्हाराज."

"आणि माझी सभा?"

राजाने शेजारी उभ्या असलेल्या राजवैद्यांकडे पाहिलं. वैद्य चाचरत म्हणाले, "महाराज, ओल्या लेपावर हालचाल नको, हा नियम... माझाच आहे."

"मग सभा इथेच बोलवा!" राजा गरजला.

खाटेभोवती आसनं मांडली गेली. दिवाण बोलू लागले, "महाराज, पहिला विषय..." छन छन छन!

"काय म्हणालात?"

"पहिला वि..." छन छन छन!

"कोण आहे रे तो? थांब आधी!" राजा ओरडला.

सेवक जागच्या जागी थांबला, नेमका राजाच्या नाकासमोर. हातात पलीकडच्या रोग्याचं भरलेलं भांडं! वास सुटला. "म्हाराज, थांबू का जाऊ?"

"जा! पळ!"

छन छन छन छन छन! राजाने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अरे, या गोंगाटात ही माणसं झोपतात तरी कशी?"

"न्हाई झोपत, म्हाराज," हौसा शांतपणे म्हणाली. "त्येच सांगाया सभेत आल्ये."

"सभेत?" दिवाण उसळले. "आणि अटीचं काय?"

"सभा हितंच हाय, म्हंजी मी सभेत हाय. आन् माझ्या रोग्याच्या खाटेपासून तसूभर हलल्ये न्हाई. रोगी खुशाल निवड, असं म्हाराजच म्हनले व्हते!"

राजाने फळ्यांत अडकलेल्या आपल्या पायाकडे पाहिलं, मग हौसाकडे, आणि तो पोट धरून हसत सुटला. "हरलो! घुंगरं सोडा रे सगळ्यांची! हौसा, आजपासून सभेत दिवाणांशेजारचं आसन तुझं. पण या घुंगरांच्या ढिगाचं आता करायचं काय?"

हौसाने हळूच बोट दाखवलं. आसनावर एक सरदार छानपैकी डुलक्या घेत होते.

"सभेतल्या मंडळींच्या पगडीला बांधा, म्हाराज. वाजली की समजायचं, काम बंद हाय!"

राजा इतका हसला की लेपाला तडा गेला. तिथल्या तिथे त्याने हौसाला सोन्याच्या पाटल्या दिल्या आणि घुंगरं पगड्यांना बांधायला लावली. त्या दिवशी सभा संपेपर्यंत एकही पगडी हलली नाही!