रिकामं न गेलेलं पातेलं

डोंगराच्या पायथ्याला फार वर्षांपूर्वी एक गाव होतं, आणि त्या गावाला एक खोड होती. शेजारणीकडून वाटीभर कालवण आलं, तर ती वाटी रिकामी परत जायची नाही. चार शेंगा का होईना, घालूनच जायची. आता ही काही वाईट खोड नव्हे म्हणा! पण एकदा तीच अंगाशी आली.

झालं असं, की सुगीच्या दिवसांत भूकंप झाला. माणसं शेतात नाहीतर अंगणात होती म्हणून जिवानिशी वाचली, पण घर म्हणून एक उभं राहिलं नाही. जिकडेतिकडे नुसते दगडांचे ढीग. गावात सगळ्यांत वडीलधारी ठकूमावशी, तिची लेक तर ओली बाळंतीण. तान्ह्या बाळाला घेऊन बिचारी लुगड्याच्या आडोशाला थंडीत कुडकुडत होती.

खिंडीपलीकडच्या गावाला हे कळलं. तिथला एक गाडीवान धान्य, घोंगड्या आणि बांबू भरून बैलगाड्या घेऊन आला. पण घ्यायला कुणी पुढेच येईना. सगळे ठकूमावशीकडे बघत राहिले. ती मान खाली घालून म्हणाली, "दादा, माघारी काय घालू? माझ्याकडे दगडांशिवाय काही उरलं नाही."

गाडीवानाला आधी रागच आला. बाळ गारठलंय आणि ही रीत सांभाळत बसलीय! तो फाडकन बोलणारच होता, पण तिचे भरलेले डोळे बघून त्याला भडभडून आलं. डोकं खाजवत तो म्हणाला, "मग दगडच द्या की, मावशी. आमच्या ओढ्याला बांध घालायचाय."

बांध घालायचं कुणाच्या मनातही नव्हतं, बरं का. त्याने आपली थाप ठोकून दिली.

पण मावशीचा चेहरा खुलला. पहिली घोंगडी बाळाभोवती गेली, आणि सगळं गाव पदर खोचून, धोतर आवळून दगड भरायला लागलं. गाड्या भरून यायच्या, भरून जायच्या. ढिगारे हटले तशी मोकळ्या जागेवर बांबूची हलकी, छान घरं उभी राहिली. तिकडे दारातला दगडांचा डोंगर बघून गाडीवानाची बायको त्याच्यावर चांगलीच उखडली. शेवटी त्या गावाने खरोखरच बांध घातला, आणि उन्हाळ्यात पहिल्यांदाच ओढ्याला पाणी टिकलं.

घरभरणीला ठकूमावशीने पातेलंभर खीर खिंडीपलीकडे धाडली. पातेलं परत आलं ते बांधाच्या पाण्यावर पिकलेल्या वांग्यांनी भरून. आता मावशी ते रिकामं ठेवते होय? ते तान्हं बाळ मोठं होऊन स्वतः गाडी हाकायला लागलं, तरी पातेलं खिंडीतून ये-जा करतच होतं.

तात्पर्य काय, तर मदत करताना समोरच्याच्या हातालाही काही द्यायला जागा ठेवावी. मग घेणाऱ्याची मान खाली जात नाही.