व्याहीबुवांचे रुंद टायर

दौलतराव काटकर बाजार समितीचे सभापती, त्यातून नवऱ्या मुलाचे वडील. मग काय विचारता! वरातीची गाडी रुबाबदार दिसावी म्हणून त्यांनी जुन्याच चाकांवर जरा रुंद टायर चढवले. गॅरेजवाला म्हणाला, "आत मडगार्डला घासतील." त्यांचे थोरले जावई म्हणाले, "मुळीच नाही." ड्रायव्हरनं दोघांच्याही म्हणण्याला मान डोलावली. खरं कुणाचं, आम्हा वऱ्हाडी मंडळींना काही कळेना. लग्नानंतर नवी जोडी त्याच गाडीतून घाट उतरणार होती.

"गाडी समोर उभी आहे, बघा की! कुठं घासतंय?" दौलतराव मिशीवर ताव देत गरजले.

मुलीची आई इंदुताई हे ऐकून पंगतीच्या तयारीला लागल्या. त्यांनी व्याह्यांचा पाट मांडवाचा खांब आणि एक थोराड पाहुणे यांच्यामध्ये मांडला. मानाच्या माणसाला असली अडचणीची जागा? आम्ही पुन्हा गोंधळलो.

"मावलात ना, व्याहीबुवा?"

"अगदी व्यवस्थित!" दौलतराव ताठ बसून म्हणाले.

इंदुताई जिलेबी घेऊन मागून आल्या. "जरा इकडं वळा, घास भरवते."

दौलतराव वळले. कोपर खांबावर आपटलं, गुडघ्यानं शेजारची वाटी उडाली आणि सगळा मठ्ठा त्यांच्याच धोतरावर आला.

इंदुताई म्हणाल्या, "ताठ बसला होतात तोवर कुठं घासलात? माझी लेक उभ्या गाडीत बसून राहणार नाही, व्याहीबुवा. घाटात वळणं आहेत."

त्या दिवशी दौलतरावांनी आधी टायर बदलले, धोतर मग.