वितळलेली कुपी

"बाई, तुम्ही त्या पेशी ओतून दिल्या?"

"हो."

"अख्खी कुपी?"

"अख्खी."

डॉक्टर यशोधन खळदकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घोड्यांच्या दवाखान्यातली ही प्रयोगशाळा डॉक्टर मेहरुन्निसा काझी यांनी उभी केली होती. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. यशोधन त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बाहेर लिंबाखालच्या मांडवात केशर नावाची घोडी, गळ्यात हार, पुढचा एक पाय उचलून उभी होती. त्या पायाची कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, फाटलेली. माळशिरसचे रणसिंगमामा तिला घेऊन आले होते. तिच्याच छातीच्या हाडातून काढलेल्या मूलपेशी यशोधनने वाढवल्या, गोठवल्या, द्रव नायट्रोजनच्या टाकीत हिवाळाभर जपल्या. कंडरा भरून यावी म्हणून आज त्या फाटलेल्या जागी टोचायच्या होत्या.

"माझी सगळी मेहनत मोरीत गेली! तिच्याच पेशी तिच्याच पायात जाणार होत्या. तुम्ही कोण अडवणार?"

बाईंशी बोलू नये तो शब्द तोंडातून निसटला...

बाईंनी फक्त सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवलं.

यशोधन वाकला. कुपीतला एक थेंब निळ्या रंगात मिसळून बाईंनी काचपट्टीवर ठेवला होता. जिवंत पेशी तो रंग आत घेत नाही. मेलेली निळी होते.

भिंगाखाली निळंच निळं होतं.

"टाकीत तर चांगल्या होत्या..."

"वितळवल्यास केव्हा?"

"सकाळी."

"मग सकाळीच का नाही टोचल्या?"

"समारंभाला पाहुणे यायचे होते. फोटोवाले यायचे होते. पाहुण्यांनी दुपार केली, त्यात माझा काय दोष? कुपी बर्फात ठेवली होती मी!"

"वितळलेल्या पेशी बर्फातही फार वेळ टिकत नाहीत."

तो आणखीच उसळला. "आणि सगळ्या काही मेल्या नव्हत्या. टोचल्या असत्या, तर कळलं असतं कुणाला?"

बाईंनी हातातली रिकामी कुपी ओट्यावर आपटली.

"केशरला."

तेवढ्यात रणसिंगमामा दारात आले. "डाक्टर, आज हुतंय का न्हाई, तेवढं सांगा. जनावराला आता उभं ऱ्हावंना."

यशोधनने बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली. उत्तर त्यालाच द्यायचं होतं.

"मामा... औषध खराब झालं."

"कशानं?"

"मी वेळेत दिलं नाही."

मामांचा चेहरा लालबुंद झाला. "मग सकाळपास्नं तिला हार घालून मांडवात कशापायी उभी केलीती? पाय थरथरत हुता तिचा. तुमी हसत हुता फोटोत!"

मामा पाठ फिरवून केशरकडे गेले. खिडकीतून दिसत होतं, ते तिच्या गळ्यातला हार तोडून फेकत होते.

बाई हात धुऊ लागल्या.

यशोधन खाली मान घालून म्हणाला, "टाकीत तिची अजून एक कुपी आहे, बाई. ती... केव्हा काढू?"

बाईंनी नळ बंद केला.

"घोडीशिवाय तुझ्याकडे कुणीच बघत नसेल तेव्हा."