हरबाचा रिकामा बाक

एका बाजारगावात दोन वैद्य समोरासमोर राहत, त्रिंबक आणि हरबा. दोघे एकाच गुरूचे शिष्य. हाताला गुणही सारखाच.

त्रिंबकाच्या अंगणात सकाळपासून रोग्यांची झुंबड असे. ती पाहून त्याची छाती फुगे. हरबाच्या ओसरीवर मात्र एका वेळी चार माणसंही दिसत नसत. त्याने वेळा वाटून दिल्या होत्या. नदीपलीकडच्यांनी नाव लागली की यायचं, जखमेची पट्टी बदलायची त्यांनी दुपारी. नुसतं चूर्ण हवं असेल तर त्याची बायको खिडकीतूनच देई. शिवाय ओसरीवरचा एक बाक तो मुद्दाम मोकळा ठेवी. कोणी टेकलं की उठवी.

"बिचाऱ्याला बाकावर बसवायलासुद्धा माणूस मिळेना!" असं म्हणून त्रिंबक खो खो हसे.

एके दिवशी एक म्हातारी त्याला तोंडावर म्हणाली, "वैद्यबुवा, हरबाकडं तुमच्याइतकीच माणसं येतात. पण तिथं ताटकळावं लागत नाही. तिकडं गेले असते तर एव्हाना घरी भाकऱ्या थापल्या असत्या."

त्रिंबकाचा नुसता जळफळाट झाला. त्याला जेवण गोड लागेना. हरबाची युक्ती शिकून घ्यावी, हे काही त्याच्या मनात आलं नाही. त्याने दारावरच्या गड्याला सांगितलं, "उद्यापासून सगळ्यांना पहाटेच बोलाव. मी उन्हं डोक्यावर आल्यावर दार उघडीन. अंगण खच्चून भरलेलं त्या हरबाला दिसू दे!"

अंगण भरलं. त्रिंबक बंद दाराच्या फटीतून समोर बघत बसला. इतक्यात बाहेर आरडाओरडा झाला.

"वाट द्या हो! पोर गुदमरतेय!"

"आम्ही पहाटेपासून बसलोय बाई. मागं बसा!"

रांगेवरून भांडताहेत, असं त्रिंबकाला वाटलं. 'भांडू देत,' तो मनात म्हणाला, 'हरबाच्या कानावर जाऊ दे.'

मग फटीतून त्याला शेजारची गोदाक्का हरबाच्या ओसरीकडे धावताना दिसली. तिच्या कडेवर त्याचीच लेक मंजुळा होती, मान टाकलेली.

त्रिंबकाने धाडकन दार उघडलं. लोकांनी त्यालाच गराडा घातला. "आधी मला बघा, वैद्यबुवा!" कोणी धोतर धरलं, कोणी हात. स्वतःच्याच अंगणातून त्याला बाहेर पडता येईना.

तो कसाबसा पोहोचला तेव्हा हरबा त्या मोकळ्या बाकावर बसला होता. त्याने मंजुळेला मांडीवर पालथी घेतली होती. पाठीत थापटी बसताच घशात अडकलेली बोराची आठळी बाहेर पडली होती, आणि पोरीने भोकाड पसरलं होतं.

पोर वाचली म्हणून त्रिंबकाला रडू आलं. ती हरबाच्या हातून वाचली, ही सल तेव्हाही गेली नव्हती. मंजुळेला जवळ घ्यायला तो बाकावर बसला आणि लगेच उठू लागला.

"इथं कुणाला बसू देत नाहीस ना तू?"

"बस रे," हरबा म्हणाला. "ज्याला थांबायला वेळच नसतो, त्याच्यासाठी ठेवतो मी ही जागा. आज ती तुझ्या पोरीला लागली."

तात्पर्य: हेव्यापोटी जमवलेल्या गर्दीत, गरज पडली की आपल्यालाच वाट मिळत नाही.