वाट पाहणारीची भूक

फार फार वर्षांपूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. पाणी एकच, पण अलीकडे एका राजाचा कायदा चाले आणि पलीकडे दुसऱ्याचा.

अलीकडे येसू नावाची कुंभारीण राहायची. तिची बहीण बाळंतपणात गेली आणि बहिणीची तान्ही लेक येसूच्या पदरात आली. दारात नुकतीच व्यालेली म्हैस होती, म्हणून लेकरू तगलं.

एका पुरात म्हैस वाहत पलीकडच्या काठाला लागली. तिथल्या पाटलाने ती आपल्या गोठ्यात बांधली. त्याचीही म्हैस त्याच पुरात गेली होती. "ही माझीच," तो म्हणाला.

येसूने आपल्या राजाकडे दाद मागितली. पाटलालाही बोलावून त्याचं म्हणणं ऐकलं गेलं. निकाल लागला, की म्हैस येसूची.

तो निकाल घेऊन येसू नदीपार गेली. पलीकडचा न्यायाधीश वयस्कर आणि भला होता. पाटील त्याला म्हणाला, "हा परक्या राजाचा निकाल. आपण तपासून पाहा, तोवर थांबवा." मागणी काही गैर नव्हती. न्यायाधीशाने निकाल थांबवला.

मग सुगी आली, मग राजाघरचं लग्न. येसू दर वेळी नावेने नदीपार जायची आणि 'नंतर या' ऐकून परतायची. म्हैस पाटलाच्या गोठ्यात दूध देत होती. इकडे लेकरू पेजेवर दिवस काढत होतं.

शेवटी ती लेकराला घेऊनच न्यायाधीशासमोर उभी राहिली. मूल रडतसुद्धा नव्हतं.

"हिला काय होतंय?" न्यायाधीशाने विचारलं.

"भूक आहे, महाराज."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"आपण म्हशीबद्दलच विचारत होता."

म्हातारा आसनावरून उठला. त्याने लेकराला जवळ घेतलं. तिने त्याचं बोट मुठीत धरलं, पण पकडीत जोर नव्हता.

"चौकशी होईल," तो हळू आवाजात म्हणाला. "पण थांबायला मी सांगितलं आणि उपाशी ही राहिली. पाटील, चौकशी संपेपर्यंत रोज सकाळी या म्हशीचं दूध तुम्ही स्वतः हिच्या घरी पोचवायचं."

पाटील कुरकुरत नाव वल्हवू लागला. हळूहळू लेकराच्या गालांवर तेज आलं. पाटलाची चाहूल लागली की ती रांगत उंबऱ्यापाशी येई. मग पाटलाची कुरकुर थांबली.

एका सकाळी तो म्हैसच घेऊन आला.

"चौकशी झाली का, पाटील?" येसूने विचारलं.

"नाही. आता कशाला हवी? आमच्या म्हशीच्या कपाळावर पांढरा टिळा होता. हिच्या नाही. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं, बाई."

येसूने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. लेकराने पाटलाकडे हात पसरले. त्याने तिला उचललं आणि तिच्याकडेच बघत विचारलं, "उद्या येऊ का?"

"या," येसू म्हणाली. "रिकाम्या हातानेच या."

त्यानंतर पलीकडच्या राज्यात कुठलाही निकाल थांबवण्याआधी न्यायाधीश विचारू लागला, "तोवर वाट कोण पाहणार, आणि कशावर जगणार?"

बोध इतकाच, की ज्याने थांबायला लावलं, त्याने थांबणाऱ्याची काळजीही वाहावी.