रिठ्याने न्हालेली बदकं

फार पूर्वी, एका तळ्याकाठच्या गावात एक टापटिपीची बाई राहत होती. किती टापटिपीची? तर तिच्या अंगणात पान पडायलासुद्धा बिचकत असे. तिने चार पांढरी बदकं पाळली होती आणि त्यांच्यावर तिचा भारी जीव. एकच गोष्ट तिला खटके. पिसांवरून हात फिरवला की तळहात तेलकट होई.

पौषातल्या एका सकाळी तिने पदर खोचला, रिठ्याचं पाणी केलं आणि चौघांना घसाघसा न्हाऊ घातलं. बदकांनी अंगण डोक्यावर घेतलं, पण ही बाई कसली ऐकते! उन्हात पिसं वाळली, कापसासारखी भुरभुरीत झाली. मग तिने खुशीत त्यांना तळ्यावर सोडलं.

घटकाभरात म्हातारा नावाडी हाका मारत आला. त्याच्या टोपलीत चारही बदकं होती, चिंब भिजलेली, लटलट कापणारी. धाकट्याने तर मान टाकली होती.

"वहिनी, ही बुडायला लागली होती. काय केलंत यांना?"

"काही नाही हो, स्वच्छ धुतली. फार तेलकट झाली होती."

"अहो, तो मळ नव्हे. शेपटीच्या बुडाशी त्यांची तेलाची गाठ असते. चोचीने तेल घ्यायचं नि पिसापिसाला लावायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग. म्हणून पाणी आत शिरत नाही, अंगातली ऊब बाहेर जात नाही. तुम्ही ऐन थंडीत त्यांची घोंगडीच काढून घेतलीत."

बाईला रडूच फुटलं. "आता काय करू?"

"ऊब द्या. तेल त्यांचं तीच लावतील."

घरात ऊब फक्त चुलीपाशी होती. पण स्वयंपाकघर नुकतंच सारवलेलं, आणि दुपारी हळदीकुंकवाला गावातल्या बायका यायच्या होत्या. बाई उंबऱ्यात क्षणभर थबकली. मग धाकट्याचे मिटलेले डोळे पाहून तिने टोपली उचलली ती थेट चुलीपाशी नेली. बदकांना थोडी धुगधुगी आली, तशी त्यांनी सारवलेल्या जमिनीची पार रया घालवली.

दुपारी बायका आल्या. एकीने नाकाला पदर लावला. "अगं बाई, तुझ्या स्वयंपाकघरात ही घाण?"

"माझ्या घरची माणसं आजारी आहेत," बाई म्हणाली. "जरा सरकून बसा."

पुढे कितीतरी दिवस बदकं चुलीपाशी बसून चोचीने पिसं विंचरत होती. बाईने मध्ये बोटही घातलं नाही. मग एके दिवशी नावाड्याला विचारून तिने त्यांना पुन्हा तळ्यावर नेलं. धाकट्याने गारठलेल्या पाण्यात बुडी मारली आणि वर येऊन अंग झटकलं. पाणी थेंबाथेंबाने पाठीवरून घरंगळून गेलं. आत पिसं कोरडी ती कोरडीच. तेव्हा कुठे बाईच्या जिवात जीव आला.

तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला आपल्या आवडीसारखं करायला जाण्याआधी, तो तसा का आहे हे समजून घ्यावं.