चिमाबाई आणि बिनकठड्याची विहीर

चिमाबाई कासारीण विहिरीत पडली, तरी तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही!

वर्षभर ती कंठशोष करत होती. महिनाभर बहिणीकडं राहून आली, तर चार पेठांच्या मधल्या विहिरीचा दगडी कठडाच गायब! विचारलं तर म्हणे, दुरुस्तीला नेलाय. "अरे, लेकीसुना पाणी भरतात तिथं. एक दिवस कुणीतरी पडेल!" लोक हसायचे. "चिमाबाई, तुझ्या तोंडाला कठडा नाही, त्याचं बघ आधी!"

शेवटी वैतागून तिनं काठावर उभं राहून दाखवलं. "हे बघा, इथं पाय ठेवला, असा घसरला, की असं..." आणि गेली की आत! बांगड्यांच्या टोपलीसकट!

वर काढायला मोटेचा जाडजूड नाडा लागला. नाव चिमा, पण ओढताना आठ गडी घामाघूम झाले. त्यावर लोक काय म्हणाले? "मुद्दाम पडली! आपलंच खरं करायची हौस, दुसरं काय!" चिमाबाईला झोंबलं ते हेच. कारण तिला तशी हौस होतीच.

ओल्या लुगड्यानं ती तडक दरबारात गेली.

राजे रणधवल आपल्या दगडी चौथऱ्यावर बसले होते. चौथरा गेल्या वर्षीचा, हट्ट जन्माचा. अलीकडं त्यांनी शहर सुखरूप करायचं मनावर घेतलं होतं. त्यासाठी चारी पेठांच्या महाजनांची एकत्र मसलत बसवली होती. सहा महिने झाले, पण जो तो म्हणे, "माझी पेठ निर्धोक आहे. धोका शेजारच्या पेठेत!" धोका गोल गोल फिरत राहिला आणि महाजन बुंदीचे लाडू खात राहिले.

"महाराज, विहिरीला कठडा नाही. मी पडले!"

"विहीर कुणाची?" राजांनी विचारलं.

"गूळपेठेची," तेलपेठेचे महाजन म्हणाले.

"छे! कोष्टीपेठेची," गूळपेठेचे म्हणाले.

कोष्टीपेठेनं मीठपेठेकडं बोट केलं. मीठपेठेच्या महाजनांना पुढं कुणी उरलं नाही, त्यांनी चिमाबाईकडंच केलं. "महाराज, शहराला धोका विहिरीचा नाही, हिच्या वजनाचा आहे!"

दरबार खदखदला. चिमाबाईलाही हसू फुटलं, खोटं कशाला बोला!

राजे मात्र चिडले. "माझ्या मसलतीची अब्रू काढतेस? मग ऐक! उद्या दुपारपर्यंत दोषी कोण ते सांग. नाव एकच! आणि त्या नावावर या चौघांचं एकमत झालं पाहिजे. नाहीतर टोपली उचल आणि वेशीबाहेर हो! या शहरात पुन्हा बांगडी भरायची नाही!"

एकमत? या चौघांचं आज वार कोणता यावरही एकमत होत नसे!

चिमाबाईनं मनात हिशेब केला. तीस वर्षं याच चार पेठांतल्या मनगटांवर तिची चूल पेटत होती. वेशीबाहेर काय माकडांना बांगड्या भरायच्या?

"जशी आज्ञा," म्हणून ती मुजऱ्याला वाकली. वाकली ती वाकलीच! भिजलेली कंबर धरली, नाक चौथऱ्याच्या चिऱ्याला टेकलं. आणि तिथंच तिचे डोळे विस्फारले.

कण्हत कण्हत ती उभी राहिली. "महाराज, उद्या कशाला? आत्ताच सांगते. या चौघांना दोन प्रश्न विचारू का?"

"विचार."

चिमाबाईनं आवाजात गूळ घातला. "महाजन, चौथरा काय देखणा झालाय हो! चिरे कुणी दिले?"

"पूर्वेची बाजू आमच्या पेठेची!" "दक्षिणेची आमची!" "आमची तर आठ दिवसांत दिली, महाराज!" "आम्ही सात!" चौघंही छाती काढून पुढं आले.

"आठ दिवसांत! खाण तर बारा कोसांवर आहे. आणि या खाचा कसल्या?" तिनं चिऱ्यावरच्या खाचेत बोट घातलं. बोट गडप झालं! "घट्ट बांगडीचा मनगटावर पडलेला वळ मी ओळखते, महाराज. दोराचा दगडावर पडलेला वळही ओळखते. तीन पिढ्यांच्या बायकांनी घागरी ओढल्यात, तेव्हा ही खाच पडलीय. चार पेठा, विहिरीच्या कठड्याच्या चार बाजू! जो तो म्हणाला, मी एकच बाजू नेतोय, बाकी तीन आहेत की!"

राजांनी मान वाकवून स्वतःच्या बुडाखाली पाहिलं. महाजनांचे चेहरे चुन्यासारखे पांढरे पडले. आता कुणाची मान जाणार?

"दुसरा प्रश्न," चिमाबाई म्हणाली. "आठ दिवसांत चौथरा उभा राहिला नाही तर चौघांचीही महाजनकी काढून घेतो, असं भर दरबारात कोण म्हणालं होतं?"

"महाराज!"

चौघं एका सुरात ओरडले, आणि मग चौघांनीही तोंडावर हात ठेवले.

"झालं की एकमत!" चिमाबाई म्हणाली. "सहा महिन्यांतलं पहिलं!"

दरबार छताकडं बघू लागला. राजांचा चेहरा तांबडालाल झाला. चिमाबाई मनात म्हणाली, गेलीस बाई पुन्हा आत, आणि या खेपेला नाडाही नाही!

तेवढ्यात राजे हसले! असे हसले की पगडी कानावर आली. "उतरवा मला इथनं! फोडा हा चौथरा! चिरे आजच्या आज विहिरीवर, आणि ते या चौघांच्या डोक्यावरून! बाईला चांदीचे तोडे आणि टोपलीभर नव्या बांगड्या द्या. आणि मसलतीत पाचवी बैठक हिची!"

"बैठक जरा रुंद द्या, महाराज," चिमाबाई म्हणाली.

चिटणीसानं भीतभीत दौत पुढं ओढली. "महाराज, दोषी म्हणून... नाव कुणाचं लिहू?"

"चौघांनी ओरडून सांगितलं, ऐकलं नाहीस? लिही!"

चिटणीसानं डोळे मिटून टाक टेकवला, पण अक्षर टपोरं आलं: राजे रणधवल.